कांदळवनाच्या कडेला होडीवर मुक्काम करायचा तर निवांत दिवस कसा जातो?

आपला प्रश्न असा आहे. आपण उभयता निवृत्त झाला आहात, जवळ 28 फुटी फायबरची होडी आहे, तिच्यावर छप्पर आणि झोपण्यापुरती बाकडी बसवून घेतली आहेत, आणि येत्या हिवाळ्यात कोकणातल्या एखाद्या खाडीत कांदळवनाजवळ नांगर टाकून काही आठवडे होडीवरच राहावे असे मनात आहे. ज्या दिवशी कोठे जायचे नाही, कोणी येणार नाही, असा दिवस तेथे कसा जातो, त्याचा कंटाळा येतो का, आणि तयारी काय करावी लागते, हे आपण विचारले आहे. कांदळवनांच्या पाहणीच्या कामामुळे मी अनेक हिवाळे असा मुक्काम करत आले आहे आणि त्यातला बराचसा वाघोटण खाडीत झाला आहे. त्यामुळे जे सांगते आहे ते मुख्यतः त्या खाडीचे आहे. आपण दुसरीकडे गेलात तर आकडे बदलतील.

असा दिवस शांत जाणार की नाही, हे बहुतांशी आदल्या संध्याकाळी ठरलेले असते. नांगर कोठे पडला, दोरी किती सोडली आणि उद्या पाणी केव्हा भरणार व केव्हा सुकणार हे आपल्याला ठाऊक आहे की नाही, या तीन गोष्टी नीट झाल्या असतील तर पुढचे चोवीस तास खाडी आपल्याला काही करायला लावत नाही. त्या झाल्या नसतील तर पहाटे चार वाजता चिखलात कलंडलेल्या होडीत उभे राहावे लागते आणि मग कांदळवन कितीही सुंदर असले तरी ते दिसत नाही. म्हणून आधी पाण्याबद्दल सांगते, दिवसाबद्दल नंतर.

वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. दक्षिणेचा काठ देवगड तालुक्यात येतो, उत्तरेचा राजापूर तालुक्यात. किल्ल्यापासून थोडे आत, दक्षिण काठाला, मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी अजून पाहायला मिळते. भरतीला गलबत आत घ्यायचे, ओहोटीला ते कोरडे पडले की तळ दुरुस्त करायचा आणि काम संपले की पुन्हा मोठ्या भरतीवर ते बाहेर काढायचे, अशी ती व्यवस्था होती. खाडी आत खारेपाटणपर्यंत जाते. शिलाहारांच्या काळापासून व्यापाराचे म्हणून ओळखले जाणारे ते गाव एकेकाळी बंदर होते. आता गाळामुळे मोठी गलबते तेथवर पोहोचत नाहीत. या दोन टोकांच्या मध्ये जांभ्याच्या चढ-उतारांतून खाडी वळणे घेत जाते आणि जेथे वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साचला आहे, तेथे कांदळवन आहे. मुक्कामाला अशीच वळणे चांगली. डोंगराचा आडोसा मिळतो, मुख्य प्रवाह पलीकडच्या काठाने जातो आणि समुद्राची लाट तेथवर येत नाही.

भरतीची वेळ काढायला कोकणातले जुने लोक तिथी वापरतात आणि मला आजही तीच रीत सोयीची वाटते. तिथीचा आकडा पाऊणने गुणावा. जे उत्तर येईल त्या वाजता, सकाळी आणि संध्याकाळी, पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, नवमीला पावणेसात वाजता. हा हिशेब मुंबईचा आहे. विजयदुर्गच्या मुखाशी भरती त्याच्या अर्धा ते एक तास आधी येते आणि खाडीत जितके आत जावे तितकी ती पुन्हा उशिरा पोहोचते. त्यामुळे छापील तक्ता जवळ असला तरी पहिल्या दिवशी एक काम जरूर करावे: एका बांबूवर वीतभर अंतराने रंगाच्या खुणा करून तो होडीजवळ चिखलात रोवावा आणि दर तासाला पाणी कोणत्या खुणेवर आहे ते वहीत लिहावे. दोन भरत्या पाहिल्या की त्या वळणाचे वेळापत्रक आपल्या हाती येते. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हेही त्याच वहीत दिसून येते.

पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वात मोठे असते आणि अष्टमीनंतरच्या दिवसांत भांग, म्हणजे सर्वात लहान भरती-ओहोटी. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक 4 मीटरच्या वर जातो; विजयदुर्गकडे तो साधारण 2 मीटर असतो आणि भांगाला त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. निवांत दिवस हवा असेल तर भांगाचे दिवस निवडावेत. पाण्याची ओढ कमी असते, होडी फारशी फिरत नाही आणि खाडीचा तळही ओहोटीला पूर्ण उघडा पडत नाही. मी ज्या दिवसाचे वर्णन पुढे करणार आहे तो माघ शुद्ध नवमीसारखा दिवस आहे: पहाटे सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या पुढे ओहोटी आणि दिवेलागणीला पुन्हा भरती.

नांगराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे कसर करून चालत नाही. जागा ओहोटीला पाहून ठेवावी. भरलेल्या खाडीत सगळीकडे सारखेच पाणी दिसते. कोठे वाळूचा दांडा आहे, कोठे जाळ्याचा जुना खुंट मोडून राहिला आहे, कोठे कालवांनी भरलेला कातळ पाण्याखाली हातभरच आहे, हे ओहोटीलाच कळते. शिशाचा गोळा बांधलेल्या दोरीने खोली मोजावी. भरतीच्या वेळी त्या जागी 3 मीटर पाणी होणार असेल आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यापासून मीटरभर उंच असेल, तर त्या 4 मीटरच्या निदान पाचपट, म्हणजे 20 मीटर दोरी सोडावी, आणि तिच्या नांगराकडच्या टोकाला काही मीटर साखळी असावी. खाडीतला गाळ मऊ असतो. नांगर टाकल्याबरोबर इंजिनाने ओढून पाहिले तर तो नुसता सरकतो; अर्धा तास त्याला बसू द्यावा, मग हळूहळू ओढ द्यावी.

पाणी उलटले की होडी अर्धे वर्तुळ फिरते. 20 मीटर दोरी आणि साडेआठ मीटर होडी धरली तर ते वर्तुळ बरेच मोठे होते आणि त्यात झाड, खुंट, दुसरी होडी, कोणाचे जाळे यांपैकी काहीही येता कामा नये. माझ्याबरोबर असणारे तांडेल (होडीचे प्रमुख) काका प्रत्येक नव्या जागी हेच बजावतात: “सुकतीचा पानी बघून नांगर टाकू नको बाय; भरती इली काय होडी खंय फिरतली ता आदी बघ.” जागा अरुंद असेल तर नाळेवरूनच दोन नांगर टाकावेत, एक खाडीच्या वरच्या अंगाला आणि एक खालच्या, मग होडी जागच्या जागी फिरते. कांदळाच्या मुळांना किंवा फांद्यांना दोरी मात्र कधीही बांधू नये. दोरीच्या घर्षणाने मुळाची साल जाते आणि त्या मुळांवरची कालवे रात्रीतून दोरीही कापून टाकतात. झाडांपासून निदान 50 मीटर अंतर ठेवावे. याचे आणखी एक कारण संध्याकाळच्या भागात येईल.

आता दिवसाकडे वळते. पहाटे जाग येते ती बहुधा आवाजाने, आणि तो आवाज होडीच्या खालून येत असतो. बाकड्यावर डोके टेकले की फायबरच्या तळातून, तापलेल्या तेलात मोहरी तडतडावी तशी अखंड तडतड ऐकू येते. नव्या माणसाला वाटते की तळाला चीर पडते आहे. ते आवाज चिखलात आणि मुळांच्या खाचांत राहणाऱ्या छोट्या कोळंबीचे असतात. तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्याचाच तो आवाज. बाहेर हवेत यातले काहीही ऐकू येत नाही, म्हणून होडीवर न झोपलेल्या माणसाला खाडी रात्री गप्प असते असे वाटते.

छपरावर दहिवर इतके साचलेले असते की पन्हाळीला भांडे लावले तर हात धुण्यापुरते पाणी मिळते. या वेळी पाणी काठोकाठ भरलेले आणि थबकलेले असते. कांदळाची आधारमुळे बुडालेली असतात आणि पर्णभार थेट पाण्यावर टेकलेला दिसतो. सूर्य वर येईपर्यंत ओहोटी सुरू झालेली असते. चिप्पी या कांदळवनातल्या झाडाला फुलोरा असेल तर याच वेळी होडीजवळून पांढऱ्या धाग्यांचे पुंजके वाहत जाताना दिसतात. पांढऱ्या चिप्पीचे फूल संध्याकाळी उमलते, रात्रभर वटवाघळे आणि पतंग त्याच्यावर येतात आणि सकाळ होता होता पुंकेसर गळून पडतात. पाण्यावर वाहतात ते हेच. महाराष्ट्राने 2020 मध्ये या झाडाला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. दुपारी खाडीत फेरी मारून गेलेल्या माणसाला त्याचे फूल फुललेले कधी दिसतच नाही, मुक्कामाला राहणाऱ्याला दिसते. मला या मुक्कामाचे मोल वाटते ते अशा गोष्टींमुळे.

सकाळी खाणे म्हणजे उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे किंवा भाजलेला सुका बांगडा. स्टोव्ह खोल लाकडी खोक्यात बसवलेला असावा, कारण मच्छीमारांची एखादी यांत्रिक होडी जवळून गेली की तिच्या लाटेने उकळते पातेले उलटते. या वेळी डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो आणि ओहोटीही त्याच दिशेने जात असते, त्यामुळे होडी दोरी ताणून स्थिर राहते. लिहिण्या-वाचण्याचे काम याच वेळी करावे. साडेदहा-अकराच्या सुमारास वारा पडतो आणि नंतर समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. ओहोटी अजून समुद्राकडे ओढत असते, वारा आत ढकलत असतो आणि तास-दीड तास होडी नांगरावर डावी-उजवीकडे झुलत राहते. शांत दिवसातला अस्वस्थ वेळ तेवढाच. मळमळ होणाऱ्याने या वेळी बसून वाचू नये, काठाकडे पाहत काहीतरी हातकाम करावे. पाणी उलटून भरती लागली की वारा आणि पाणी पुन्हा एका दिशेला येतात आणि होडी निवते.

दुपारची ओहोटी हा मला दिवसाचा सर्वात भरगच्च भाग वाटतो, आणि कंटाळ्याच्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे येथेच आहे. पाणी उतरते तसा चिखल उघडा पडतो आणि तिवरांची पेन्सिलीसारखी उभी श्वसनमुळे हजारोंनी वर येतात. गाळात हवा जवळजवळ नसते, म्हणून झाडाला श्वासासाठी मुळे वर पाठवावी लागतात. कुजक्या अंड्यासारखा जो वास या वेळी येतो तोही त्याच हवाहीन गाळातला वायू आहे, सांडपाणी नव्हे. पाच मिनिटे काही न हलवता बसले की चिखलाला जिवंतपणा येतो. बिळांतून छोटे खेकडे बाहेर पडतात. त्यांतल्या एका जातीच्या नरांची एक नांगी अंगाएवढी मोठी आणि रंगीत असते. ती वर-खाली हलवत ते मादीला बोलावतात आणि शेजाऱ्याला दूर ठेवतात. निवट्या मासे छातीजवळच्या परांवर रेलून चिखलावरून सरकतात आणि मध्येच पंखा उघडावा तसा पाठीवरचा पर उभारतात. तुतवार शेपटी हलवत पाण्याची कड धरून चालतो. आपण उभे राहिलो, छपरावर टॉवेल झटकला किंवा मोठ्याने बोललो की हे सगळे क्षणात बिळात जाते आणि पुन्हा बाहेर यायला बराच वेळ घेते. म्हणून दुर्बीण डोळ्यांपाशी आणि हातपाय जागेवर, एवढेच या वेळचे काम.

याच वेळी गावातल्या बायका कालवे आणि शिवल्या काढायला येतात. गुडघाभर चिखलात वाकून, छोट्या लोखंडी हत्याराने मुळांवरची आणि कातळावरची कालवे त्या इतक्या सफाईने फोडतात की कवचाचा खालचा अर्धा भाग जागेवरच राहतो आणि आतला गर तेवढा डब्यात जातो. त्यांच्याशी बोलावे, पण त्यांचे काम पाण्याच्या वेळेने बांधलेले आहे हे लक्षात ठेवून. पाणी चढू लागले की त्यांचा दिवसाचा रोजगार संपतो. ताजी मासळी हवी असेल तर पाग (फेकायचे जाळे) टाकणाऱ्याकडून तेथेच विकत घ्यावी. काळुंद्रे, बोय आणि नशीब असेल तर तांबोशी मिळते. कांदळवनात पिले वाढतात म्हणून ही मासळी खाडीत आहे आणि ती त्या गावाची आहे, असे मी मानते. मुक्कामाला आलेल्या माणसाने गळ टाकून बसणे मला प्रशस्त वाटत नाही.

तिवराचे पान या वेळी जरूर जवळून पाहावे. या झाडाने खारे पाणी शोषलेले असते आणि त्यातले जास्तीचे मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पहाटे दमट हवेत ते मीठ विरघळलेले असते आणि पान नुसते ओलसर लागते. उन्हे तापली की त्याच जागी बारीक, चमकणारे दाणे दिसतात आणि बोट फिरवून जिभेला लावले तर खरेच मीठ लागते. कांदळाचा मार्ग वेगळा आहे. तो बरेचसे मीठ मुळांतच अडवतो, त्यामुळे त्याच्या पानांवर हे दाणे सापडत नाहीत. दोन्ही झाडे शेजारी शेजारी असतील तर दोघांची पाने ताडून पाहावीत.

दुपारी जेवून पडावे. तीन ते चारच्या दरम्यान घरकाम उरकावे, आणि ते बेतशीर करावे लागते. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी 5 लिटर, शेवटच्या विसळण्याला आणखी 3 लिटर, असे दोघांचे दिवसाला 16 लिटर गोडे पाणी धरावे. 20 लिटरचे सहा कॅन भरून घेतले तर आठवडा निघतो. भांडी आधी खाडीच्या पाण्यात राखेने घासावीत, गोड्या पाण्यात फक्त विसळावीत. साबण आणि डिटर्जंट खाडीत सोडू नये. खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेसही येत नाही. शौचासाठी झाकणाची बादली आणि नारळाच्या काथ्याचा कोरडा भुसा वापरावा. प्रत्येक वेळी वरून भुसा टाकला की वास राहत नाही, आणि बादली काठावर नेऊन व्यवस्थित शौचालयातच रिकामी करावी. हे काम कोणालाच आवडत नाही, पण ज्या पाण्यातून शेजारची बाई शिवल्या काढते त्या पाण्यात आपली घाण सोडणे अजिबात क्षम्य नाही. विजेसाठी 100 वॅटचा एक सौर पत्रा आणि एक बॅटरी पुरते. नांगराचा दिवा, छोटा पंखा आणि दोन फोन एवढा भार ती सहज उचलते.

चारच्या पुढे पाणी निम्म्याच्या वर चढलेले असते आणि लहान वल्ह्याच्या होडीतून आडफाट्यात शिरण्याची हीच वेळ. एक नियम कडक पाळावा: अरुंद फाट्यात चढत्या पाण्यावर जावे आणि भरती पूर्ण होण्याआधी परत फिरावे. उतरत्या पाण्यावर आत गेलेली होडी चिखलात बसली तर पाणी पुन्हा चढेपर्यंत तेथेच राहावे लागते, आणि त्या मऊ गाळात उतरून चालणे धोक्याचे आहे. आत गेल्यावर वल्ही उचलून घ्यावीत आणि पाण्याबरोबर सरकू द्यावे. कांदळाच्या फांद्यांना हिरव्या, हातभर लांब शेंगांसारखे जे लोंबताना दिसते ते फळ नसून झाडावरच रुजलेले रोप असते. ते गळून पाण्यात पडते, आधी आडवे तरंगते, पाणी शोषून हळूहळू उभे होते आणि योग्य चिखल मिळाला की खालचे टोक रोवून मूळ धरते. पाण्यावर तरंगणारी रोपे पुष्कळ जण आठवण म्हणून उचलून घरी नेतात. ती तेथेच राहू द्यावीत.

पाणमांजरांच्या खुणा फाट्याच्या मुखाशी, काठावरच्या मोकळ्या चिखलावर शोधाव्यात. पाच बोटांचे पंजे, घसरल्याचे पट्टे आणि मासळीच्या खवल्यांनी, कुर्ल्यांच्या कवचांनी भरलेली विष्ठा दिसली तर तेथून मागे फिरावे, कारण बीळ जवळ असू शकते. वाशिष्ठी किंवा गोव्यातला कुंभारजुवे कालवा यांसारख्या ठिकाणी मगरी आहेत. आपण तिकडे गेलात तर पाण्यात हातपाय सोडून बसणे, काठाला बसून भांडी घासणे आणि मासळीची घाण होडीजवळ टाकणे हे तिन्ही टाळावे.

संध्याकाळी मुरकुटे, म्हणजे चावणारी बारीक चिलटे, येतात. डासांपेक्षा त्यांचा त्रास अधिक, कारण साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती आत शिरतात. त्यासाठी बारीक विणीची जाळी शिवून घ्यावी आणि सूर्य मावळण्यापूर्वी ती खाली सोडून चारी बाजूंनी दाबून टाकावी. मात्र ती उडण्यात दुबळी असतात. झाडांपासून लांब, खाडीच्या मोकळ्या अंगाला जेथे वारा लागतो तेथे ती फारशी पोहोचत नाहीत. 50 मीटर अंतराचा आग्रह मी वर धरला तो यासाठीही. पत्र्याच्या डब्यात नारळाच्या सोडणांचा धूर केला तर उपयोग होतो, पण पेट्रोलचे इंजिन आणि गॅस जवळ असताना धूर होडीवर करू नये.

अंधार पडण्याआधी नांगराचा पांढरा दिवा लावावा, सगळ्या बाजूंनी दिसेल असा आणि छपराच्या वर. रात्री मच्छीमार खाडीतून ये-जा करतात. आपली होडी त्यांच्या रोजच्या वाटेत आली असेल तर दिवा हाच आपला बचाव आहे. एकदा दोरी हाताने चाचपून पाहावी, काठावरची दोन ठळक झाडे एका रेषेत धरून ठेवावी, म्हणजे रात्री जाग आली तर होडी सरकली की नाही ते लगेच कळते. नवमीचा चंद्र दुपारीच वर आलेला असतो आणि मध्यरात्रीनंतर मावळतो, त्यामुळे जेवण चांदण्यात होते. रातबगळे चिप्पीवरून उठून आवाज देत फाट्याकडे जातात, समोरच्या काठावर कोल्हे ओरडतात आणि नऊच्या आत झोप येते.

कंटाळ्याबद्दल आपण सरळ विचारले आहे, तर सरळच सांगते. पहिले दोन-तीन दिवस हात रिकामे वाटतात, फोन सारखा हातात येतो आणि डोंगराआड रेंज नसल्याने चिडचिडही होते. त्यानंतर बहुतेकांचे मन पाण्याच्या वेळेला लागते. ज्यांचे लागत नाही अशीही माणसे मी पाहिली आहेत आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. सतत नवे काही दिसावे अशी ज्यांची गरज असते, त्यांनी एका वळणावर आठवडा काढण्यापेक्षा दिवसा दिवसाच्या फेऱ्या कराव्यात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. मुक्काम ठरवण्याआधी आपण दोघांनी ती फेरी अवश्य करावी. आपल्यापैकी एकाला हे आवडते आणि दुसऱ्याला सोसावे लागते असे असेल, तर ते तेथेच कळेल.

परवानगीचा भाग थोडक्यात. होडीची नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे झालेली असावी, मुक्कामाची माहिती बंदर कार्यालयाला, सागरी पोलिसांना आणि गावातल्या मच्छीमार संस्थेला आधी द्यावी, आणि ओळखपत्रे होडीवर ठेवावीत. कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे. 2005 चा अंतरिम आदेश 2018 मध्ये अंतिम निकालाने कायम झाला. सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवने राखीव वने आहेत, तेव्हा काठावर उतरून तंबू ठोकणे, चूल मांडणे, वाळलेली फांदी तोडणे यांतले काहीही करता येत नाही. अभयारण्याच्या हद्दीत मुक्कामाचा विचारच करू नये. अडचणीच्या वेळी तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक लिहून छपराला चिकटवावेत, आणि रेंज नसते म्हणून एक हातातला व्हीएचएफ बिनतारी संच ठेवून त्याची 16 क्रमांकाची वाहिनी ऐकत राहावे.

काळ मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा धरावा. ऑक्टोबरात परतीच्या पावसाबरोबर विजा असतात आणि उघड्या खाडीत होडी हीच सर्वात उंच वस्तू ठरते. चैत्र-वैशाखात दुपारचे ऊन आणि खारा वारा दोन्ही सोसत नाहीत, आणि पावसाळ्यात खाडीला पूर येतो. पहिल्या वेळी तीनच रात्री राहावे, भांगाच्या दिवसांत, आणि त्याच खाडीतला एखादा अनुभवी तांडेल मोबदला देऊन बरोबर घ्यावा. आपल्या होडीचा किती भाग पाण्याखाली राहतो, इंजिन बाहेर टांगलेले आहे की आत बसवलेले, आणि सध्याच्या नांगराचे वजन किती आहे, हे कळवलेत तर साखळीची जाडी आणि दुसऱ्या नांगराचे वजन नेमके सांगता येईल.